फोटोत भोकं आणि बेडक्यात जंतू नाहीत: हा टीबीच आहे का?

पत्र: माझे मिस्टर ४१ वर्षांचे, प्राथमिक शिक्षक आहेत. दिवाळीनंतर खोकला सुरू झाला, संध्याकाळी अंगात कणकण, वजन सहा किलो उतरलं. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाला भोकं पडलीत, टीबीच आहे. एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) सुरू झाली. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. आता पाच महिने झाले, एकही गोळी चुकवलेली नाही, तरी खोकला तसाच आहे आणि भोकं थोडी मोठीच झालीत. दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून सांगितलं, हा टीबी नसावा, सारकॉइडोसिस वाटतोय, दुर्बिणीतून तुकडा काढू. तिसरे म्हणतात, तुकडाबिकडा नको, स्टिरॉइड सुरू करा, पंधरा दिवसांत फरक दिसेल. कोणाचं ऐकायचं? एकेटी बंद करू का? पाच महिने उगाच विष खाल्लं का? सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी वेगळं केलंय. चार वर्षांच्या मुलाला टीबी होऊ नये म्हणून सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत, त्यांचं काय करायचं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. तुकडा आधी, स्टिरॉइड नंतर. तिसऱ्या डॉक्टरांचा अंदाज कदाचित बरोबर निघेलही, पण क्रम चुकला तर बरोबर अंदाजही महागात पडतो.

आधी भोकांबद्दल. टीबीत फुफ्फुसाचा एखादा भाग आतून पनीरासारखा होऊन सडतो, तो लगदा श्वासनळीत रिकामा होतो आणि मागे पोकळी उरते. तिथे हवा भरपूर, त्यामुळे जंतूंची चंगळ. एकेका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि ते खोकल्यातून बाहेर पडत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू लागतात. सीबीनॅटला, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या यंत्राला, शे-सव्वाशे पुरतात. म्हणून मोठ्या पोकळ्या असलेल्या रोग्याच्या बेडक्यात, औषध सुरू होण्याआधी, जंतू सापडायलाच हवेत. ते सापडत नसतील तर एक तर नमुना नीट घेतलेला नाही, नाही तर पोकळ्या दुसऱ्याच कशाने झाल्या आहेत.

नमुन्याचं म्हणाल तर आपल्याकडे गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. दवाखान्यात पाटी असते ‘थुंकी तपासणी’, आणि माणूस इमानदारीत डबीत थुंकी टाकतो. हवा असतो बेडका. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा, मग पोटातून जोर लावून खोकायचं. घट्ट, चिकट, पिवळसर किंवा पांढुरका असा दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे साधारण चहाचा एक छोटा चमचा, बेडका हवा. डबीत पातळ, फेसाळ पाणी दिसलं तर ती लाळ समजा, परत घ्या. हे काम अंगणात किंवा गच्चीवर करायचं, बंद खोलीत नाही. कोरडा खोकला असेल तर मिठाच्या तीन टक्के पाण्याची वाफ नेब्युलायझरने देऊन बेडका काढता येतो. छातीच्या दवाखान्यात ही रोजची गोष्ट आहे.

आता मात्र एक अडचण आहे. पाच महिने एकेटी पोटात गेल्यावर आज बेडका निगेटिव्ह आला तर त्यातून काहीच ठरत नाही, टीबी असता तरी तो बहुधा निगेटिव्हच आला असता. तेव्हा जुने कागद बाहेर काढा. पहिल्या तपासण्या एकेटीच्या पहिल्या गोळीआधीच्या आहेत का, तारीख बघा. नुसता सूक्ष्मदर्शक होता की सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (हे गोव्यातल्या कंपनीचं यंत्र, आता बऱ्याच तालुक्यांत पोचलंय) केलं होतं, ते बघा. आणि निकालाच्या रकान्यात ‘नॉट डिटेक्टेड’ आहे की ‘एरर’ किंवा ‘इनव्हॅलिड’, हेही. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ निगेटिव्ह नव्हे, तपासणी झालीच नाही असा आहे, आणि घाईत तो कागद निगेटिव्ह म्हणून फाइलला लागलेला असू शकतो.

सारकॉइडोसिस हे नाव १८९९ साली नॉर्वेच्या सीझर बोएक या त्वचारोगतज्ज्ञाच्या लिखाणातून रुळलं. त्वचेवरच्या गाठी त्यांना ‘सार्कोमा’सारख्या, म्हणजे मांसाच्या गाठीसारख्या दिसल्या. नावातल्या या साम्यामुळे मोबाइलवर शोधणारे लोक थेट कॅन्सरपर्यंत पोचतात, तुम्ही पोचू नका. हा कॅन्सर नाही आणि संसर्गजन्यही नाही. शरीराच्या संरक्षक पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बारीक गाठी बांधतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीतही ग्रॅन्युलोमाच होतो, पण टीबीच्या गाठीचं पोट सडलेलं असतं, सारकॉइडच्या गाठीचं बहुधा नसतं. या गाठी सर्वांत जास्त फुफ्फुसात आणि श्वासनळ्यांलगतच्या लसिकाग्रंथींत होतात, शिवाय डोळे, त्वचा, यकृत, हृदय, मेंदू, कुठेही.

सारकॉइडमध्ये पोकळी पडणं मात्र दुर्मीळ. साध्या एक्सरेवर शंभर रुग्णांत एकालाही दिसत नाही, सीटीवर शंभरात दोन-चार. बारीक गाठी एकत्र येऊन मोठा गोळा होतो, त्याच्या दाबाने आतल्या रक्तवाहिन्या आवळतात, मधला भाग उपाशी राहून मरतो आणि श्वासनळीतून निघून जातो. कधी कधी जे भोक वाटतं ती पोकळी नसतेच, जुन्या आजाराने ताणून फुगलेली श्वासनळी असते. ही तफावत सीटीत कळते, एक्सरेत नाही. हा रोग इतका क्वचित आणि टीबी इतका घरोघरी, की पहिल्या डॉक्टरांनी टीबी धरला यात नवल नाही. ताप तोच, वजन उतरणं तेच, वरच्या भागातली भोकंही तीच. चूक झाली असेल तर पुरावा नसताना पाच महिने त्याच वाटेने चालत राहण्यात.

सीटीचा अहवाल तुमच्याकडे असेल, त्यातले दोन-तीन शब्द शोधा. ‘पेरिलिम्फॅटिक नोड्युल्स’, म्हणजे श्वासनळ्या आणि फुफ्फुसाच्या पडद्यांच्या कडेने मोहरीसारखे ठिपके, आणि छातीच्या दोन्ही बाजूंना सारख्या वाढलेल्या लसिकाग्रंथी: ही सारकॉइडची ठेवण. ‘ट्री-इन-बड’, म्हणजे कळ्या फुटलेल्या फांदीसारखी चित्रं, आणि ज्यांचं पोट काळं, कडा उजळ अशा एकाच बाजूच्या ग्रंथी: हे टीबीकडे झुकतं. झुकतं म्हणतोय, ठरतं नाही. दोन्ही रोग एकमेकांची सोंगं घेतात.

मांटू चाचणी (हाताच्या कातडीत टीबीच्या जंतूचा अंश टोचून प्रतिक्रिया बघतात) केली नसेल तर करा. स्वस्त आहे आणि आपल्या देशात ती उलट्या बाजूने उपयोगी पडते. इथे मोठ्या माणसांपैकी पुष्कळांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो, त्यामुळे मांटू बरेचदा पॉझिटिव्ह येते. सारकॉइडच्या रोग्यात मात्र ती बहुतेक वेळा सपाट राहते. ४८ ते ७२ तासांनी हातावरचा फुगवटा मोजतात. लाली मोजायची नसते, हाताला लागणारा टणक भाग मोजायचा. फुगवटा १५-२० मिलिमीटर आला तर सारकॉइड म्हणण्याआधी दहादा विचार करावा लागेल. सपाट आली तरी टीबी सुटला असं होत नाही, फार खंगलेल्या माणसातही ती सपाट येते. रक्तातल्या ‘एसीई’ या घटकाच्या आकड्यावर मात्र फार जीव लावू नका. तो सारकॉइडमध्ये वाढतो, टीबीतही वाढू शकतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी खाली येतो. त्या एका आकड्यावर निदान कोणी करत असेल तर तिथून निघा.

आता तुकडा. गळ्यात बधिर करणारा फवारा मारून, थोडं गुंगीचं औषध देऊन नाकातून किंवा तोंडातून दुर्बीण घालतात. श्वासनळीलगतच्या ग्रंथीतून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने नमुना घेतात, श्वासनळीच्या अस्तराचे आणि फुफ्फुसाचे मिळून पाच-सहा तुकडे काढतात, आणि सलाइनने धुऊन ते पाणीही तपासायला घेतात. सारकॉइड असेल तर सुईच्या नमुन्यात साधारण दहांपैकी आठ जणांत तो सापडतो. सहा तास पोट रिकामं ठेवायचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी डॉक्टरांच्या कानावर घालायच्या. नंतर दोन तास पाणीसुद्धा नाही, कारण घसा बधिर असतो आणि घोट श्वासनळीत जाऊ शकतो. त्या रात्री थोडा ताप, बेडक्यात रक्ताची रेष, हे चालतं. फुफ्फुसाचा तुकडा घेतल्यावर शंभरात एक ते पाच जणांना फुफ्फुसाबाहेर हवा साठते. एकाएकी दम लागला, छातीत कळ आली तर घरी थांबायचं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट तुम्ही स्वतः बघून घ्या, कारण ती हमखास चुकते. तुकडे दोन बाटल्यांत जायला हवेत. एकीत फॉर्मेलिन, ती पेशी तपासणाऱ्या लॅबला. दुसरीत निर्जंतुक साधं सलाइन, ती कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅटला. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, त्यातून कल्चर होत नाही. सगळे तुकडे सवयीने फॉर्मेलिनमध्ये गेले की अहवाल येतो ‘ग्रॅन्युलोमा आहे, टीबीशी सांगड घालून पाहावे’, आणि तुम्ही पुन्हा होता तिथेच. म्हणून आत नेण्याआधी नर्सबाईंना सरळ विचारा, ‘सलाइनची बाटली ठेवलीय ना?’ अर्जावर टीबी कल्चर, सीबीनॅट, बुरशीची तपासणी आणि बुरशीचं कल्चर हे लिहून घ्या. टीबीचं कल्चर आणि सीबीनॅट सरकारी कार्यक्रमातून मोफत होतं, खासगी दवाखान्यातला नमुनाही तिथे पाठवता येतो. द्रव माध्यमातल्या कल्चरचा ‘निगेटिव्ह’ असा शेवटचा शेरा ४२ दिवसांनी येतो, त्याआधी नाही.

अहवालात ‘ग्रॅन्युलोमा’ शब्द दिसला म्हणून टीबी पक्का होत नाही, आणि ‘नेक्रोसिस (सडलेला भाग) नाही’ दिसलं म्हणून सारकॉइडही पक्का होत नाही. सारकॉइड हे निदान तीन गोष्टी जुळल्यावर होतं: चित्र जुळतं, तुकड्यात न सडलेले घट्ट ग्रॅन्युलोमा आहेत, आणि दुसरं कारण सापडत नाही. दुसऱ्या कारणांत टीबीसोबत बुरशी, टीबीचे चुलत जंतू, रक्तवाहिन्यांची सूज आणि कॅन्सरही येतात. एचआयव्ही आणि तीन महिन्यांची साखर बघून घ्या.

एक शक्यता तुमच्या पत्रात कुठेच नाही, पण आम्हाला ती आधी दिसते. पाच महिने गोळ्या घेऊन भोकं वाढली, याचा अर्थ टीबी नाही असाही होतो, आणि टीबी आहे पण औषधाला दाद देत नाही असाही. सारकॉइडच्या नादात हे राहून जायला नको. एकेटीतल्या दोन मुख्य औषधांपैकी रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो का ते सीबीनॅट सांगतं, आयसोनियाझिडची दाद वेगळी तपासावी लागते.

हे सगळं बाकी असताना स्टिरॉइड का नको, ते आता लक्षात येईल. स्टिरॉइडने टीबीतही आधी बरं वाटतं. ताप उतरतो, भूक लागते, माणूस उठून शाळेत जातो. पंधरा दिवसांत फरक पडला म्हणजे सारकॉइड, हा हिशेब तिथेच फसतो. आत जंतू मोकाट सुटलेले असतात. ‘एकेटी देऊन बघू, फरक पडला तर टीबी’ हीही तशीच पळवाट: सारकॉइड पुष्कळांत आपोआप ओसरतो आणि श्रेय गोळ्यांना जातं.

एकेटी आज तुम्ही स्वतः बंद करू नका. दुर्बिणीची तारीख आठ-पंधरा दिवसांतली घ्या आणि तोवर डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवा. अहवालावर ते ठरवतील, सहा महिने पुरे करायचे की थांबवायचं. एकेटी आणि स्टिरॉइड एकत्र द्यायची वेळ आलीच तर रिफाम्पिसिन यकृताला स्टिरॉइड भराभर मोडायला लावतं, आणि दिलेल्या डोसाचा असर बराच घटतो, हे डॉक्टरांशी बोला. नाही तर ‘स्टिरॉइडनेही गुण नाही’ असा नवा गैरसमज तयार होतो. विष खाल्लं का, असं विचारलंत. नाही. पण यकृताची तपासणी करून घ्या, आणि एकेटीतलं इथॅम्ब्युटॉल घेत असतील तर लाल-हिरवा रंग नीट ओळखता येतो का ते नेत्रतज्ज्ञांकडून बघून घ्या. त्याच फेरीत डोळ्याच्या आतली सूजही बघायला सांगा, सारकॉइडमध्ये ती लाली किंवा दुखण्याशिवायही असते. एक ईसीजी हवाच: हृदयात सारकॉइड गेला तर ठोका अडखळतो, चक्कर येते.

आणि सारकॉइडच निघाला तर? सगळ्यांना औषध लागत नाही, पण पोकळ्या, वजन घटणं आणि वाढता आजार असताना बहुधा लागतं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिवसाला २० ते ४० मिलिग्रॅमने सुरू करून महिन्यामहिन्याने उतरवत नेतात, एकूण सहा महिने ते वर्षभर. चंदीगडच्या पीजीआयमधल्या चाचणीत (२०२३) ४० आणि २० मिलिग्रॅमच्या गटांत दीड वर्षाने आजार उलटण्यात फरक दिसला नाही. तेव्हा २० का नको, हे विचारायला लाजू नका. गोळी सकाळी नाश्त्यानंतर. साखर आणि रक्तदाब दर पंधरा दिवसांनी. आणि बरं वाटलं म्हणून एक दिवसही आपल्या मनाने बंद नाही, कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध दिलं तर ते आठवड्यातून एकदा असतं. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा आणि पाकिटावर पेनाने लिहा: ‘फक्त बुधवार’.

ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी घरात असेल तर बाजूला ठेवा. सारकॉइडच्या गाठी स्वतःच ड जीवनसत्त्वाचं कार्यरत रूप तयार करतात, रक्तात कॅल्शियम चढतं, मुतखडे होतात, किडनी बिघडते. साधी तपासणी केली की ड जीवनसत्त्व कमी दिसतं, आणि मग पुडी लिहून दिली जाते. स्टिरॉइडसोबत कॅल्शियमची गोळी देण्याची पद्धत आहे, ती इथे रक्तातलं आणि लघवीतलं कॅल्शियम मोजल्याशिवाय नको.

पोकळ्यांत पुढे बुरशीचा गोळा बसू शकतो, म्हणून स्टिरॉइडआधी ॲस्परजिलस या बुरशीची रक्ततपासणी करतात. खोकल्यातून रक्त आलं तर ओट्यावरच्या मापाच्या कपात धरा, अंदाजाने ‘खूप’ म्हणू नका. धागा-रेष असेल तर त्याच दिवशी फोन. दिवसभरात अर्धा कप, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या आसपास असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात, आणि नेताना ज्या बाजूच्या फुफ्फुसातून रक्त येतंय ती बाजू खाली करून झोपवा, म्हणजे चांगलं फुफ्फुस रक्ताने भरणार नाही. कोणती बाजू, हे आजच सीटी बघून विचारून ठेवा.

ताट-वाटीचं सांगायचं तर सासूबाईंना सांगा, टीबीसुद्धा भांड्यांतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. सारकॉइड तर कशातूनच पसरत नाही. निदान पक्कं होईपर्यंत खोकताना तोंडाला रुमाल, झोपायच्या खोलीची खिडकी उघडी, एवढं पुरे. ताट आजच आतल्या फडताळात परत ठेवा.

मुलाच्या गोळ्या, म्हणजे बहुधा आयसोनियाझिडचा सहा महिन्यांचा कोर्स, चालू राहू देत. घरातल्या रोग्याला टीबी नव्हताच असं कागदावर आलं तर त्या थांबवता येतात, पण ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही नाही. कल्चरचा अहवाल घेऊन जा, नि-क्षय या सरकारी टीबी नोंदणीतली यजमानांची नोंद बदलण्याचा विषय तिथेच निघेल, आणि एकाच खेपेत दोन्ही कामं होतील. मधल्या काळात मुलाला भूक लागेनाशी झाली, उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.